मारित-एल्लेचा नवा मीटर

बिएद्योक, २२ जानेवारी

लेम्मेत बाळा,

माझं पत्र बघून तू घाबरशील म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती फोनवर विचारायची नाही. इथं फोन लागायला टेकडीवर जावं लागतं, आणि तिथं आपल्याआधी कुणी ना कुणी फोन कानाला लावून उभं असतंच. माझं बोलणं दुसऱ्या दिवशी सगळ्या कौतोकेइनो गावात पोचतं.

तर विचारायचं असं. बर्फगाडीला जीपीएसचा मीटर बसवून मिळतो म्हणतात. हँडलसमोरचा काट्याचा मीटर काढायचा आणि त्या जागी नकाशा दाखवणारा पडदा बसवायचा. शेजारच्या इस्साकच्या नव्या गाडीत तो आधीपासूनच आहे. तो पठ्ठ्या आता सरपणाला जातानाही त्यात बघतो. माझी गाडी मला तूच विकलीस, तिच्यात काय बसतं आणि काय नाही ते तुलाच ठाऊक. घेण्यासारखा आहे का, एवढंच सांग. दुकानदार म्हणून नको, माझ्या बहिणीचा मुलगा म्हणून सांग.

इकडे मागच्या आठवड्यात पाऊस पडला. जानेवारीत पाऊस. लगेच गोठलं आणि जमिनीवर काचेसारखा थर बसला. रेनडिअर खुरांनी वरचा बर्फ उकरतात, खाली दगडफूल, त्यांचा हिवाळ्यातला चारा, दिसतं, पण तोंड पोचत नाही. माझ्या कळपाचं मी बघीन, त्याची काळजी तू करू नकोस.

तुझ्या मामाचं काही कानावर आलं तर लिही. मी विचारलं म्हणून कुणाला सांगू नकोस, त्याला तर मुळीच नको.

तुझी मोठी मावशी,
मारित-एल्ले

*

आल्ता, २७ जानेवारी

मोठ्या मावशीला,

बहिणीचा मुलगा म्हणून सांग म्हणालीस, म्हणजे माझा धंदा बसलाच.

मीटर चांगला आहे. मी माझ्या गाडीला बसवलाय आणि माझा त्याच्यावर जीव आहे. थंडीत फोन मान टाकतो तसं याचं होत नाही, कारण याला करंट गाडीचाच. वेग, पेट्रोल, इंजिनाचं तापमान सगळं एका जागी दिसतं. आपण गेलो ती वाट पडद्यावर रेघ होऊन उमटते आणि परतताना त्या रेघेवरून यायचं. वादळात सापडलेल्या माणसाला ती रेघ म्हणजे देवच.

पण तुला? तुला नको. पैसे पुष्कळ पडतात, आतल्या वायरी बदलाव्या लागतात, जाड हातमोज्यांनी पडदा दबत नाही आणि थंडी वाढली की चित्र रेंगाळतं. अगदी हवंच असेल तर खिशात मावणारं साधं यंत्र घे, ते निम्म्याहूनही कमीत येतं. आणि खरं सांगू का, तुला तेही कशाला? मी लहान असताना तू मला स्लेजमध्ये कातड्यात गुंडाळून धुक्यातून आणलं होतंस. पुढचा रेनडिअर मला दिसत नव्हता आणि तू मात्र तुझ्या भाच्याला सर्दी होईल म्हणून कुरकुरत सरळ दारात आणून उभं केलंस. तेव्हापासून मला वाटतं की नकाशेवाले तुला विचारून नकाशे काढत असतील.

म्हणूनच मला शंका येते. रागावू नकोस. कुठं वाट चुकलीस का? डोळ्यांचं काही आहे का?

मामा परवा आला होता. माझ्या दुकानातून रेनडिअरच्या खाद्याची पोती घेऊन गेला. त्याचं सगळं कुरण बर्फाखाली बंद झालंय असं इस्साक म्हणतो. मामा स्वतः काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. कळप कुठं आहे, कसा आहे, किती आहे हे विचारायचं नसतं एवढं वळण आईनं लावलंय. पण चेहरा फार ओढलेला होता.

मावशी, मी धाकटा आहे, मला बोलायचा अधिकार नाही. तरी बोलतो. आजोबा गेल्यावर कळप दोघांत वाटला, तेव्हा बाकीची घरं आपापले कळप घेऊन तुझ्या मागे आली, कारण तुला वाट सापडते. मामाच्या मागे कुणी गेलं नाही. यात तू काही वाईट केलं नाहीस आणि त्यानंही नाही. मग इतकी वर्षं एकमेकांशी बोलत का नाही?

तुझा,
लेम्मेत

*

बिएद्योक, ३ फेब्रुवारी

लेम्मेत,

वाट चुकलीस का म्हणे. लहानपणी तुझी आई तुला पाळण्यातून पाडायची ते खोटं नसावं.

माझे डोळे ठणठणीत आहेत. परवाच गोठलेल्या सरोवरावर असताना आभाळ आणि जमीन एक झाली. आपलाच हात दिसेना. मी गाडी बंद केली, खाली बसून वाऱ्यानं बर्फावर कुठल्या अंगानं वळ्या पाडल्यात ते हातानं चाचपलं आणि घरी आले. येऊन मज्जेचं हाड चोखलं आणि झोपले. आता पुन्हा विचारशील?

मीटर मला गाडीत बसणाराच हवा. खिशातलं यंत्र नको. दोनच गोष्टी नीट विचारून लिही. त्यातली रेघ किती टिकते? आणि गाडी उभी असली, मी जवळ नसले, तर ती रेघ दुसऱ्या कुणाला बघता येते का?

मामाचं एक सांग. पोती घेताना त्यानं भावात घासाघीस केली का? जोव्नाला सांगितल्या भावात काही घेताना मी जन्मात पाहिलेलं नाही. लहानपणी तो आमच्या आईशी जेवणातल्या मांसाच्या तुकड्यावरून घासाघीस करायचा. आणि ते खाद्य उपाशी जनावराला एकदम घातलं तर बाधतं हे त्याला ठाऊक असेलच. ठाऊक असूनही नेतोय म्हणजे काय ते मला कळतं.

आम्ही बोलत का नाही ते तू विचारू नकोस. बोलायला सुरुवात कुणी करायची एवढाच प्रश्न उरलाय, आणि तोच सगळ्यात मोठा आहे.

मावशी

*

आल्ता, ८ फेब्रुवारी

मोठ्या मावशीला,

डोळ्यांबद्दल शब्द मागे घेतो.

मामानं घासाघीस केली नाही. तू लिहीपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी भाव सांगितला, त्यानं मान हलवली आणि पैसे ठेवले. मी गाड्यांचे आवाज ऐकून बिघाड ओळखतो आणि सख्ख्या मामाचा मला ओळखता आला नाही. तू मात्र तिथं बसून ओळखलास.

आता मीटर. रेघ आपण पुसेपर्यंत टिकते. आणि हो, चावी फिरवली की कुणालाही दिसते. तुझी काळजी मला कळली. या असल्या हिवाळ्यात कुणाला मऊ बर्फ कुठं सापडलाय हे सोन्याच्या खाणीसारखं. इस्साकसारखा कुणी सहज म्हणून गाडीवर बसायचा आणि तुझी जागा हेरून जायचा. घाबरू नकोस, रेघा पुसायच्या कशा ते मी तुला शिकवीन. दोन बोटांचं काम आहे.

महिनाअखेरीला मी नेहमीसारखा कौतोकेइनोच्या गॅरेजमध्ये काम घेऊन बसतो, पण तुझ्यासाठी या वेळी लवकर येईन. शनिवारी गाडी घेऊन ये. मजुरी घेणार नाही. त्यावरून वाद घालू नकोस.

लेम्मेत

*

बिएद्योक, २१ फेब्रुवारी

लेम्मेत बाळा,

तुझा मीटर बघितला. आठवडाभर त्याच्याशी भांडले आणि आता सांगते.

वाईट आधी. हातमोजा काढल्याशिवाय काही होत नाही आणि तो काढला की बोटं गारठून जातात. मी लाकडाच्या काडीला कातडं गुंडाळून टोचणी केली, तिनं जमतं. तुमच्या नकाशात सरोवरांना जी नावं दिलीत ती कुणी दिली देव जाणे. आणि सकाळी सकाळी पडदा माझ्यासारखाच उशिरा जागा होतो.

चांगलं असं की तो खोटं बोलत नाही. मंगळवारी बर्फाचं वादळ उठलं तेव्हा मी माझ्या पद्धतीनं निघाले आणि मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही. दारात आल्यावर बघितलं, तर त्याची रेघ आणि माझी वाट एकावर एक. मला थोडा रागच आला. इतक्या वर्षांत मी जे शिकले ते यानं दुकानाच्या खोक्यातून बाहेर येताच करून दाखवलं. पण हुशार आहे, हे मानलं. एकटीदुकटी बाई असेल, नवखी असेल, तर तिनं जरूर घ्यावा.

माझा कळप खातोय. एवढंच लिहिते. जिथं आहे तिथं पाऊस आला तेव्हा बर्फच पडला असणार, इतका भुसभुशीत आहे.

आता माझं एक काम कर. महिनाअखेरीला तू गॅरेजमध्ये बसशील तेव्हा मी गाडी इस्साकच्या ट्रॉलीवरून पाठवते. पट्टा जरा घासतोय, बघून घे. पण घाईनं परत पाठवू नकोस. माझी जुनी गाडी आहे, तिच्यावर मी भागवीन. गॅरेजच्या पुढ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी उभी राहू दे. चावी गाडीतच ठेव. मीटर कुणाला बघावासा वाटला तर बसू दे, बघू दे. तुझीही विक्री होईल. मामाही त्या दिवसांत सामान घ्यायला गावात येतो ना? तो आला तर त्यालाही बघू दे.

मावशी

*

आल्ता, २ मार्च

मोठ्या मावशीला,

तुझ्या गाडीनं गॅरेजपुढे जत्रा भरवली. 'मारित-एल्लेनं जीपीएस घेतला' ही बातमी ऐकून माणसं नुसती बघायला येत होती. मला दोन मीटरांची मागणी आली. तुझं नाव म्हणजे जाहिरातच आहे. म्हातारा इस्साक तर सगळ्यांना सांगत होता, "तिनं मीटर वाट बघायला नाही घेतला, मीटरला वाट शिकवायला घेतलाय."

आणि तू निश्चिंत राहा. गाडी ट्रॉलीवरून उतरवल्याबरोबर मी पहिलं काम केलं ते रेघा पुसायचं. शिकवूनसुद्धा तू विसरली होतीस, सगळ्या तशाच होत्या. मी नकाशा न उघडता, नुसत्या यादीवरून पुसल्या. तुझं कुरण कुठं आहे ते मला कळलेलं नाही आणि दुसऱ्या कुणालाही कळलं नाही. आईनं बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

मामा आला होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर आला, गाडीवर बसला, चावी फिरवली. पडद्यावर बोट ठेवून बराच वेळ काहीतरी शोधत होता. मग मला म्हणाला, "यात जुन्या वाटा दिसतात म्हणे."

मी म्हटलं, "दिसतात, पण मावशीच्या मी पुसल्यात. तिचं कुरण तिचं."

तो म्हणाला, "बरोबर केलंस. असंच करायचं असतं." आणि उतरला. काही न घेता गेला. दारापर्यंत जाऊन मागे वळला आणि सांगितलं की मार्चच्या मध्याला कत्तलखान्याचा ट्रक बोलावलाय, तुझ्या ओळखीचा ड्रायव्हर असेल तर त्याला रस्ता साफ आहे का ते विचारून ठेव. गाभण माद्या देतोय तो, मावशी. माद्या गेल्या की कळप गेलाच. वसंतात पिल्लं कुठून येणार? आजोबांच्या कानखुणेची, कानाला त्यांचा काप असलेली जनावरं ती.

मला खूप वाईट वाटलं. पण आपण काय करू शकतो?

लेम्मेत

*

बिएद्योक, ५ मार्च

शहाण्या,

तुला आईनं फार चांगलं वळण लावलं. इतकं चांगलं की मला आता डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय.

मी रेघा पुसायला विसरले नव्हते. त्या गाडीत रेघाच ठेवल्या होत्या. तो मीटर मी त्याच्यासाठीच घेतला. जोव्ना गाडीवर बसेल, बघेल, माझ्या कुरणाची जागा त्याला कळेल, आणि तो मुकाट्यानं कळप घेऊन तिकडे येईल. त्यानं विचारलं असं होणार नाही आणि मी दिलं असंही होणार नाही. कळप एकत्र झाले तर 'अरेच्या, तू इथं कसा' म्हणून मी त्याच्यावर खेकसणार होते, तेसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

तू म्हणशील, सरळ सांगायचं. सरळ सांगितलं तर तो मरेल पण येणार नाही. सगळी घरं माझ्या मागे आली तेव्हा तो एकटा उभा राहिला होता, आणि मी त्याला म्हटलं होतं, तूही ये. चांगल्या मनानं म्हटलं होतं. त्यावर त्यानं जे तोंड फिरवलं ते आजवर. मी काही दिलं की त्याला ते तसंच ऐकू येतं. आणि तो येऊन माझ्याकडे चारा मागेल, हे तर तू विसरच.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट चांगली आहे. त्यानं रेघ शोधली. म्हणजे त्याला यायचं आहे.

चारा दोन्ही कळपांना पुरेल का, मला माहीत नाही. ते एप्रिलमध्ये कळेल. ट्रक यायच्या आत काहीतरी करायला हवं. वाऱ्यानं माझ्या वाटा रोज बुजतात, नाहीतर त्याला खऱ्याच वाटेवर आणलं असतं.

तुझ्यावर रागावले आहे, पण तू केलंस ते कुणीही भल्या घरच्या मुलानं केलं असतं. हे पोस्टाच्या गाडीत टाकते आणि तशीच पुढे जाते.

मावशी

*

आल्ता, १६ मार्च

मोठ्या मावशीला,

तुझं पत्र वाचून मी गाडीत बसलो, तुझ्याकडे निघालो आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो. येऊन करणार काय होतो? मग तीन दिवस नुसता स्वतःला शिव्या देत होतो. आणि काल मामा दुकानात.

मावशी, तो पेट्रोलपंपावर, सहकारी दुकानात, माझ्या गॅरेजमध्ये, सगळीकडे एकच गोष्ट सांगत हिंडतोय. मी त्याच्याच शब्दात लिहितो.

"दुपारची वेळ. मी झोपडीबाहेर दोर सोडवतोय, आणि ही समोर. टोपी वाकडी, चेहरा उतरलेला. इतक्या वर्षांनी दारात. मला म्हणते, जोव्ना, तो मेला मीटर कोरा झालाय, वाट बुजलीय, आणि माझा कळप मला सापडत नाही. मी म्हटलं, तुला सापडत नाही? म्हणते, नाही. मग काय करणार, रक्ताचं नातं आहे. गाडी काढली. ती नुसती रडवेली होऊन मागे. मीच विचार केला, पाऊस आला तेव्हा वारा कुठला होता, वरच्या अंगाला थंडी जास्त, तिथं पाऊस न पडता बर्फ पडला असणार. रेनडिअरला ते आपल्याआधी कळतं. गेलो वर. आणि सापडला ना कळप. बुटानं उकरलं, तर खाली चारा असा पांढरा, मऊ. मी तिला म्हटलं, तुझं वय झालं, तुझ्याच्यानं हे एकटीनं होणार नाही. मी माझा कळप इकडे आणतो. म्हणजे तुझ्यावर लक्षही राहील."

त्यानं ट्रकला नको म्हणून कळवलं. जाताना एक पट्टा घेतला आणि माझ्याशी भावावरून इतका वेळ भांडला की मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

पण मावशी, गाव काय बोलतंय तुला माहीत आहे का? 'मारित-एल्ले संपली.' 'मीटर घेतला तेव्हाच कळायला हवं होतं.' ज्यांना तू हाताला धरून डोंगर पार करवलास ती माणसं हसतायत. मीटरांच्या दोन्ही मागण्या रद्द झाल्या, ते जाऊ दे. तुझ्यापाशी दुसरं काय होतं? पैसा नाही, मोठं घर नाही. ही कधी चुकत नाही, एवढं एकच होतं, आणि ते तू आपण होऊन त्याच्या दारात नेऊन टाकलंस. मला हे सहन होत नाही. मला खरं सांगू दे. निदान इस्साकला तरी.

लेम्मेत

*

बिएद्योक, २० मार्च

लेम्मेत बाळा,

इस्साकला सांगणं म्हणजे चर्चच्या दारावर चिकटवणं. कुणालाही सांगायचं नाही. माझी शपथ घालत नाही, तुझ्या आईची घालते.

मी रडवेली झाले होते हे खरं आहे, पण तो समजतो त्यासाठी नाही. मी इतक्या जवळून त्याला किती वर्षांत बघितलं नव्हतं. कानामागचे केस पांढरे झालेत. गाडीवर बसताना अजूनही आमच्या वडिलांसारखा आधी डावा गुडघा टेकवतो.

आणि एक ऐक, हे मला नवं कळलं. मी ठरवलं होतं की त्याला हळूच वळवत न्यायचं, दिशा चुकली तर गाडी बंद पडल्याचं नाटक करायचं. एकदाच करावं लागलं, ओढ्यापाशी. बाकी सगळं त्यानं स्वतः ओळखलं. वाऱ्याचं, वरच्या अंगाच्या थंडीचं, सगळं. मी मागून बघत होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. त्याला येत नव्हतं असं कधीच नव्हतं. त्याच्या पुढे कायम मी असायचे, आणि माझ्या मागून चालणाऱ्याला वाट शोधायची वेळच यायची नाही.

आता दोन्ही कळप एकत्र आहेत. वेगळे करताना कानखुणा बघून एकेक जनावर ओढावं लागेल, आणि माझी किती आहेत ते त्याला कळेल. कळू दे. सकाळी तो माझ्याकडे कॉफीला येतो, आपल्या रीतीनं तिच्यात चीज घालून पितो आणि मला बर्फ कसा ओळखायचा ते शिकवतो. मी मान हलवते.

हसतात ते बोचत नाही असं मी म्हणणार नाही. बोचतं. दुकानात गेले तेव्हा गल्ल्यावरच्या पोरीनं मला घरापर्यंत सोडू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पिशवी जड होती. पण त्या रात्री झोप आली नाही. तरी सकाळी टेकडीवरून दोन्ही कळप उकरून खाताना दिसतात, माद्यांची पोटं दिसतात, आणि मग बोचणं कमी होतं. हिशेब असाच असेल तर मला तो परवडतो.

तुझ्या मीटरचं नाव मी खराब केलं. त्याची भरपाई करीन.

मावशी

*

आल्ता, ४ एप्रिल

मोठ्या मावशीला,

कुणाला सांगितलेलं नाही. जिभेला चटका बसल्यासारखा गप्प बसतोय.

काल कौतोकेइनोला बैठक झाली. या वसंतात सगळे कळप समुद्राकाठच्या कुरणांकडे नेताना सगळ्यांच्या पुढे कोण, असं विचारलं, आणि तू हात वर करून म्हणालीस, जोव्ना. मी मागच्या बाकावर होतो. सगळ्यांनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग दुसरीकडे. मामा लाल झाला. मला वाटलं तो नाही म्हणेल, पण त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, बरं.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं की मी आज एका माणसाला बघून आलो, ज्याच्याएवढं मोठं मला कधी होता येणार नाही. ती म्हणाली, कोण? मी सांगितलं नाही. फक्त एवढं लिहून ठेवतो, म्हणजे तुला तरी कळेल.

लेम्मेत

*

किनाऱ्याकडच्या वाटेवर, २६ एप्रिल

लेम्मेत बाळा,

हे इस्साकच्या मुलाबरोबर पाठवते. तो उद्या आल्ताला येतोय, त्याला जेवू घाल.

आधी मीटरचं, कारण तू इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नाहीस. घेण्यासारखा आहे. वरून खाली येताना धुकं आलं तेव्हा मी सगळ्यांना बोलावून माझ्या पडद्यावर दाखवलं की हा आता किती नीट चालतो, आणि त्या वेळी चूक मीटरची नव्हती, टोचणी चुकीच्या जागी लागली म्हणून माझ्याच हातून वाटा पुसल्या गेल्या होत्या असं सांगितलं. तुझं नाव धुतलं गेलं. इस्साकच्या सुनेला एक हवाय.

चारा पुरला. अगदी काठावर पुरला, शेवटच्या आठवड्यात मी देवाचं नाव घेत होते. वाटेत तीन माद्या व्यायल्या, तिन्ही जोव्नाच्या. त्यानं मला हाक मारून दाखवली.

सबंध वाटेवर तो पुढे होता आणि मी शेवटी, स्लेज आणि म्हाताऱ्या जनावरांबरोबर. त्यानं फार चांगलं नेलं. लोक त्याला विचारून थांबत होते, विचारून निघत होते, आणि त्याची पाठ दिवसेंदिवस ताठ होत होती. मागून बघायला मला बरं वाटत होतं. एक-दोघांनी मला विचारलं, थकलीस का, स्लेजमध्ये बसतेस का. मी म्हटलं, बघू.

परवा आम्ही नदीपाशी आलो. ओलांडायची जागा तीच, पण यंदा ऊन लवकर तापलं आणि बर्फ खालून कुठं खाल्ला गेलाय ते वरून कळत नव्हतं. सकाळ लख्ख होती, आभाळात एक ढग नाही. जोव्नानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. गाडीवरून उतरला, काठापर्यंत गेला, बराच वेळ बघत राहिला. मग मागे वळला आणि चालत निघाला. इस्साकच्या गाडीजवळून, पोरांजवळून, सगळ्यांजवळून मागे येत येत शेवटी माझ्यापर्यंत आला. सगळी माणसं माना वळवून बघत होती.

तो सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "चष्म्यावर वाफ धरलीय, मला काही दिसत नाही. ताई, तू पुढे हो."

ताई म्हणाला. आणि लेम्मेत, त्याचा बर्फाचा चष्मा त्याच्या गळ्यात लटकत होता, सुका ठणठणीत. उन्हात चमकत होता. मला दिसला तसा तो सगळ्यांनाही दिसत होता, आणि सगळे बाजूला होऊन मला वाट करून देऊ लागले.

तो केव्हापासून ओळखून आहे मला माहीत नाही. ओढ्यापाशी माझी गाडी बंद पडली तेव्हापासून असेल, नाहीतर आणखी आधीपासून. मी विचारणार नाही. गाडी सुरू केली, सगळ्यांच्या मधून पुढे गेले आणि बर्फावर उतरले. तो माझ्या मागे होता.

तुझी मोठी मावशी,
मारित-एल्ले